कांदा पडण्याआधी

न्येंडोच्या टॅक्सीतळावर नालोंगोची टपरी दिसायच्या आधी तिचा वास यायचा. कंपालाहून मसाकाकडे येणारे ड्रायव्हर गाडी थांबवायच्या आधीच खिडकीतून बोटं दाखवत, दोन, तीन, चार. तेवढ्या चपात्या तेलात पडत. वर अंड्याचं पोळं, बाजूला तळलेलं बकऱ्याचं मटण आणि वरून त्याच कढईतलं तेल. बावीस वर्षं तो तवा थंड पडला नव्हता. "नालोंगो, तुझ्या हातचं खाल्लं की बायकोच्या हातचं उतरत नाही," असं कोणी म्हटलं, की ती म्हणायची, "मग तिला पाठव माझ्याकडे. शिकवीन. पण फुकट नाही."

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. बाबिरये आणि काटो ही जुळी झाली आणि त्या दिवसापासून गावाने तिचं नाव टाकून हेच लावलं. नवरा आपोआप सालोंगो झाला. हा मान ज्याच्या-त्याच्या वाट्याला येत नाही, आणि नालोंगो तो अंगावरच्या भारी वस्त्रासारखा मिरवायची.

सालोंगोने तीस वर्षं पोलिसांच्या श्वानपथकात काढली आणि कॉर्पोरल म्हणूनच घरी आला. पुढची बढती कधी मिळालीच नाही. त्याच्यासोबत घरी आली ती त्याची अल्सेशियन कुत्री. तिचं नाव अफांडे. पोलिसांत वरच्या अधिकाऱ्याला 'अफांडे' म्हणूनच हाक मारतात. "मला हुकूम द्यायचाच असेल तर हिने द्यावा," सालोंगो म्हणायचा. "बाकीच्या साहेबांपेक्षा हिला निदान नाक तरी आहे." आणि नाक होतंच. कॉफी चोरणाऱ्या टोळीमागे तिने अकरा किलोमीटर दलदल तुडवली होती आणि शेवटी चोराच्या पलंगाखाली जाऊन बसली होती.

नोकरी संपल्यावर दोघांना एकच काम उरलं. टपरीमागच्या बाकावर बसायचं आणि खायचं. अर्धी चपाती त्याला, अर्धी तिला. मटणाची चरबी तिला, मांस त्याला, कधी उलट. वर त्याच्या चहात पाच चमचे साखर. दोन वर्षांत दोघंही फुगले. शेजारी म्हणत, "नालोंगोचं घर भरलेलं आहे, बघा." ते ऐकून तिची मान आणखी ताठ व्हायची.

मग एकदा सालोंगोच्या अंगठ्याला चपलेचा पट्टा घासला आणि सहा आठवडे झाले तरी ती जखम भरेना. साखरेच्या गोळ्या तो चार वर्षं घेत होता, रक्तदाबाचीही एक होती. सरकारी दवाखान्यातल्या नर्सने बोट टोचलं आणि साखरेचा आकडा सतरा आला. "सातच्या आत हवी, मुझेयी," ती वडीलधाऱ्याला हाक मारावी तशी म्हणाली. "हा अंगठा वाचवायचा तर ताट बदला." सालोंगोने मान डोलावली आणि परतीच्या वाटेवर गोड सोड्याची बाटली फोडली.

त्याच आठवड्यात अफांडेला उलट्या सुरू झाल्या. पुढचे पाय जमिनीवर पसरून, मागचा भाग वर करून ती तशीच तासन् तास उभी राही. पोटात दुखलं की कुत्री असं करतात, हे सालोंगोला माहीत होतं. स्वतःच्या अंगठ्यासाठी कधी न धावलेला माणूस कुत्रीला गाडीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे धावला. नालोंगोही सोबत गेली.

डॉक्टर केम्बाबाझी गाईंच्या देशातली, अंकोलेची. वय तिशीच्या आतबाहेर, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिने अफांडेचं पोट दाबून पाहिलं, रक्त काढलं, वजन केलं आणि विचारलं, "ही खाते काय?"

"मी खातो तेच," सालोंगो छाती पुढे काढून म्हणाला.

"आणि रांधतं कोण?"

"मी," नालोंगो म्हणाली. तिला वाटलं, आता कौतुक होणार.

"मग राग मानू नका, न्याबो. हिला तुमचं तळण मारतंय."

नालोंगोच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. "डॉक्टर, या रस्त्यावरचे निम्मे ड्रायव्हर माझ्या हातचं खाऊन जगतात!"

"ड्रायव्हरांना मी तपासत नाही," केम्बाबाझी शांतपणे म्हणाली. मग तिने समजावून सांगितलं. पोटाच्या मागे एक ग्रंथी असते, ती चरबी पचवते. अफांडेची ती ग्रंथी सुजली होती, पुन्हा पुन्हा सुजत होती. वजनाने मागचे पाय खचत चालले होते. दुखण्याचं औषध ती देणार होती, पण खरं काम ताटाने करायचं होतं. तेल नको, चरबी नको, मीठ नको. कांदा तर मुळीच नको, कांद्याने कुत्र्याचं रक्त बिघडतं. उकडलेला मासा काटे काढून, भोपळा, थोडा भात, तेही दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. "असंच चाललं तर चार महिने," ती म्हणाली. "बदललं तर सांगता येत नाही. बदलून बघा."

आणि मग तिची नजर सालोंगोच्या पट्टी बांधलेल्या पायावर गेली. "हे काय?"

"काही नाही."

"मी गाईंची डॉक्टर आहे, मुझेयी. पण हा पाय मलाही आवडलेला नाही."

दोन दिवस नालोंगो टपरीवर चपात्या लाटताना लाटणं असं आपटायची की ड्रायव्हर मुकाट खाऊन निघून जात. तिच्या हातचं खाऊन कोणी मरतंय, हे तिला आयुष्यात कोणी ऐकवलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी अफांडे पुन्हा तशीच पाय पसरून उभी राहिली, आणि नालोंगोने चुलीवर मासा उकडत ठेवला.

अफांडेने ते खाल्लं. पण खाऊन झाल्यावर ती सालोंगोसमोर जाऊन बसली. त्याच्या हातात चपाती होती. ती भुंकली नाही, पंजा मारला नाही. नुसती बघत राहिली. सालोंगोने तोंड फिरवलं, ती त्या बाजूला जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तो ताट घेऊन घरामागच्या केळीत गेला. नालोंगो पाणी आणायला निघाली तेव्हा तिला दिसलं ते असं. तीस वर्षं चोर पकडणारा कॉर्पोरल केळीच्या बुंध्याआड उकिडवा बसलाय, गालात घास आहे, आणि समोर अफांडे बसली आहे.

"पकडला गेलास?" नालोंगो म्हणाली.

"अकरा किलोमीटरवरचा चोर हुडकला हिने. चपाती हुडकणार नाही?" त्याने अर्धी चपाती ताटात टाकली. "नालोंगो, हिच्या डोळ्यांदेखत माझ्या घशाखाली उतरत नाही. उद्यापासून हिला जे, तेच मला."

"म्हणजे लोकांनी म्हणायचं, नालोंगो नवऱ्याला कुत्रीचं जेवण वाढते?"

"म्हणू देत. मी कुत्रीच्या हाताखालीच नोकरी केली."

त्या संध्याकाळी नालोंगो बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. तिला आठवलं, तळण ती शिकली ती टपरीसाठी. घाईतल्या ड्रायव्हरांना झटपट लागतं म्हणून. त्याआधी आईच्या हाताखाली ती जे शिकली होती त्यात तेलाचा थेंब नव्हता. केळीचं कोवळं पान जाळावर धरून मऊ करायचं, त्यात मासा नाहीतर कोंबडी नाहीतर अळंबी बांधायची आणि पुडी वाफेवर ठेवून द्यायची. लुवोंबो. राजाच्या पंगतीतला पदार्थ तो, आणि ती तो वर्षातून एकदा, नाताळात करत होती. तिला स्वतःचाच राग आला. ज्या बाईला लुवोंबो येतो तिला एक गाईंची डॉक्टर रांधायला शिकवते म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून पानं, छोटे मासे, भोपळा आणि नकातीच्या पालेभाजीच्या चार जुड्या घेऊन आली. आधी अफांडेचा वाटा बाजूला निघे, मीठ आणि कांदा पडण्याआधी. मग उरलेल्यात कांदा, टोमॅटो, चिमूटभर मीठ आणि शेंगदाण्याचं थोडंसं कूट. सालोंगोच्या ताटात वाफवलेल्या केळ्यांचा मटोके पूर्वी डोंगराएवढा असे, तो मुठीएवढा झाला. पालेभाजी दुप्पट झाली. कडू वांगी आली. नर्सला विचारून गोळ्या होत्या तशाच ठेवल्या.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. चहातली साखर दर आठवड्याला एक चमचा कमी होत गेली आणि सालोंगोचा तोंडाळपणा वाढत गेला. "हे काय पाजतेस? भांडी विसळलेलं पाणी?" कडू वांगं पाहिलं की तो म्हणायचा, "चोरांना आम्ही हे खायला घालायला हवं होतं. पाच मिनिटांत कबूल झाले असते." एकदा काटो कंपालाहून आला आणि लाडाने अफांडेला तळलेलं काळीज भरवून बसला. तीन दिवस तिने उलट्या काढल्या. नालोंगोने पंचवीस वर्षांच्या मुलाचा कान धरून त्याला अंगणातून फिरवलं. एकदा सालोंगो स्वतःच शेजाऱ्याकडे सोडा पिताना सापडला. पण दुसऱ्या सकाळी पुन्हा अफांडेशेजारी बसून त्याने निमूट भोपळा खाल्ला.

दोघं, तो आणि अफांडे, पहाटे चालायला लागली. आधी मशिदीपर्यंत, मग वीटभट्टीपर्यंत, मग पार दलदलीच्या कडेपर्यंत. महिन्याभरात अफांडेच्या उलट्या थांबल्या. तिसऱ्या महिन्यात अंगठ्याची जखम भरली. नर्सने बोट टोचलं तेव्हा आकडा नऊ आला, पुढच्या खेपेला सात. पाचव्या महिन्यात डॉक्टर केम्बाबाझीने अफांडेला वासरांच्या काट्यावर चढवलं, पोट दाबून पाहिलं, आणि कागदावर काहीतरी खोडून नवीन लिहिलं. "आता किती महिने ते मी सांगत नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी लस टोचायला घेऊन या."

नालोंगो त्या दिवशी टॅक्सीने न येता चालत घरी आली, बाजारातल्या मधल्या रस्त्याने, कुत्रीचा पट्टा स्वतःच्या हातात धरून.

पण बाजाराने वेगळंच पाहिलं. बाजाराला दिसला तो अंगावर शर्ट लोंबणारा सालोंगो, आणि ज्याच्या गालाची हाडं दिसू लागली त्याच्याबद्दल इथे लोक एकच गोष्ट बोलतात. एड्सला नावच पडलंय 'सिलिमू', वाळवणारा रोग. टपरीवरचे दोघे-तिघे नेहमीचे ड्रायव्हर पलीकडच्या टपरीवर खायला लागले. एक बाई नालोंगोला म्हणाली, "धीर धर हो. हल्ली औषधं चांगली मिळतात."

आणि बाबिरयेच्या क्वान्जुलाला सहा आठवडे उरले होते. मुलाकडचे लोक लवाजम्यानिशी येऊन मुलगी मागणार, तो समारंभ. त्यासाठी क्योतेराहून सालोंगोची थोरली बहीण युनिया आली. मुलीची आत्या, म्हणजे सेंगा. मुलीला हाताला धरून पाहुण्यांपुढे आणायचा मान तिचाच, त्यामुळे घरात तिचा शब्द मोठा.

युनियाने भावाला पाहिलं आणि पिशवी दारातच टाकली. "माझ्या भावाचं हे काय केलंस, नालोंगो? धडधाकट माणूस दिला होता आम्ही तुला!"

"धडधाकट? अंगठा कापायला निघाले होते त्याचा."

"अंगठा झाकता येतो. हे कसं झाकायचं? नवरा वाळला, कुत्री वाळली, आता घरातल्या भिंती वाळायच्या राहिल्यात. मुलाकडचे म्हणतील, या घरात रोग आहे. ते म्हणतील, मुलगी तपासून घ्या." तिने आवाज खाली आणला. "सहा आठवडे आहेत. चार वेळा चपाती घाल त्याला. भरेल. नाहीच भरला तर समारंभाच्या पायघोळ कांझूच्या आत दोन स्वेटर चढवू. आणि पंगतीला ते पानातलं मिळमिळीत नको. तेलाला महाग झालेत म्हणतील."

बाकी सगळं नालोंगोने उडवून लावलं असतं. पण मुलगी तपासून घ्या, हे तिच्या काळजात रुतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घरच्या चुलीवर कढई चढवली. किती दिवसांनी त्या घरात तेल तापलं. तिने तीन चपात्या तळल्या, मटणाचा रस्सा केला आणि ताट सालोंगोपुढे ठेवलं. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "खा. समारंभापुरतं."

अफांडे उठून जवळ आली, हुंगलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

सालोंगोने ताट सरकवलं. "हा हुकूम कुणाचा?"

"सेंगाचा," नालोंगो म्हणाली. युनिया दारात उभी होती.

"या घरात अफांडे दोनच आहेत," तो म्हणाला. "एक ही चार पायांची आणि एक तू. तुम्हा दोघींच्या पायी मी पाच महिने कडू वांगी खाल्ली. आता युनियाच्या स्वेटरसाठी ती वाया घालवू? माझा भोपळा आण."

युनिया काहीतरी बोलली, पण नालोंगोला ते ऐकू आलं नाही. तिने कढई उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. मग आत येऊन ती युनियाला म्हणाली, "सेंगा, मुलगी तुम्ही पुढे आणा, तो मान तुमचा. चूल माझी. पंगतीला लुवोंबो होईल."

समारंभाच्या दिवशी अंगणात समोरासमोर दोन मांडव पडले. एकात मुलीकडचे, दुसऱ्यात मुलाकडचे. पुरुष पांढऱ्या कांझूत, बायका टोकदार खांद्यांच्या रंगीत गोमेसीत. फळांच्या परड्या, साखरेची पोती, कोंबडा, सगळं हिरवळीवर मांडलं गेलं. नालोंगो मागच्या चुलाणांपाशी होती. एकशेऐंशी पुड्या पहाटेपासून वाफेवर होत्या, आणि तिला पहिल्यांदाच वाटत होतं की आपण चूक तर करत नाही ना.

मुलाकडचा बोलणारा होता कागिमू नावाचा शाळामास्तर. असल्या समारंभात दोन्हीकडचे बोलणारे एकमेकांची थट्टा करतात, तीच तर गंमत असते. कागिमू म्हणाला, "आम्हाला सांगितलं होतं, या घरचे यजमान दारात मावत नाहीत. म्हणून आम्ही रुंद खुर्ची भेट आणली. आता बघतो तर खुर्ची आहे, यजमान कुठे गेले? मुलीने बापाच्या वाट्याचंही खाल्लं की काय?"

लोक हसले. पण ते हसू अर्ध्यावरच तुटलं. दोन्ही मांडवांत माणसं एकमेकांकडे बघायला लागली. युनियाने मान खाली घातली. मुलीकडचा बोलणारा उगाच कांझू सारखा करू लागला. चुलाणापाशी नालोंगोच्या हातातलं पान तसंच राहिलं.

मुलीच्या बापाने या समारंभात बोलायचं नसतं. पण सालोंगो उठला. त्याच्या मापाचा नवा कांझू होता, आत स्वेटर नव्हता.

"मास्तर, तुम्हाला वाचता येतं ना?" त्याने खिशातून दवाखान्याची वही काढली आणि हिरवळ ओलांडून स्वतः नेऊन दिली. "वाचा. मोठ्याने."

कागिमू गडबडला, पण त्याने वाचलं. सतरा. चौदा. नऊ. सात. मग रक्तदाबाचे आकडे.

"पुढचं पान. तिथे आणखी एक तपासणी आहे. तुम्ही सगळे जिच्याबद्दल कुजबुजता, तीच."

"काही आढळलं नाही," कागिमूने वाचलं, आणि वही हळूच मिटली.

"सहा महिन्यांपूर्वी मी माझा पाय गमावत होतो," सालोंगो म्हणाला. "आणि माझ्या साहेबांना डॉक्टरने चार महिने दिले होते." त्याने ओठ मुडपून शीळ घातली. अफांडे मुलीकडच्या मांडवामागून उठली. दोन्ही मांडवांमधल्या हिरवळीवरून, परड्यांना वळसा घालत, डावीउजवीकडे न बघता ती सरळ चालत आली आणि त्याच्या डाव्या पायाशी बसली. तिचं अंग सडसडीत होतं, कान उभे होते.

"हे आमच्या दोघांचं कोणी केलं? ती तिकडे चुलीपाशी उभी आहे. लोक म्हणतात, ती मला उपाशी ठेवते. ठीक आहे. आज तुम्हा सगळ्यांना ती तसंच उपाशी ठेवणार आहे. खा आणि मग बोला."

आधी मागच्या बायकांनी जिभा हलवून किलकारी दिली, मग दोन्ही मांडव त्यात सामील झाले. नालोंगोच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिने कमरेचा पट्टा सारखा केला, पदर खोचतात तसं गोमेसीचं टोक खोचलं आणि मोठ्याने म्हणाली, "बघत काय बसलात? पुड्या काढा!"

पानं उघडली. वाफेबरोबर मासा, अळंबी आणि शेंगदाण्याचा वास पसरला. कागिमूने दोन पुड्या संपवल्या आणि तिसरी मागताना विचारलं, "यात तेल किती?"

"तुमच्या थट्टेत अक्कल होती तितकं," नालोंगो म्हणाली. त्यावर सगळ्यांत जोरात हसला तो कागिमूच.

बाबिरये त्या घरात गेली. टपरीवरचा तवा अजूनही तापतो, कारण ड्रायव्हरांना चपाती हवीच असते. पण शेजारी आता वाफेचं एक पातेलंही असतं, आणि जे ड्रायव्हर खिडकीतून बोट दाखवण्याऐवजी "अफांडेचं दे" असं ओरडतात, त्यांची संख्या वाढते आहे. सालोंगोची एक गोळी कमी झाली. बाकीच्या आयुष्यभर आहेत, आणि एखाद्या दिवशी तो घ्यायला विसरला तर नर्सची बोलणी खातो. युनियाही क्योतेराला परतताना अर्धा तास पिशवी भरत रेंगाळली आणि शेवटी म्हणाली, "माझीही साखर बारा आहे. कोणाला सांगू नकोस." नालोंगोने तिच्या पिशवीत पानांची जुडी कोंबली. कडू वांगी मात्र मुद्दाम जरा जास्तच घातली.

पावसाळा संपता संपता दवाखान्यातून निरोप आला. दर बुधवारी साखरेच्या रोग्यांची गर्दी असते, त्यांना काय खायचं ते सांगून सांगून नर्सचा घसा बसला होता. कोणी करून दाखवेल का?

नालोंगो गेली. व्हरांड्यात चाळीसेक माणसं बाकांवर बसली होती, निम्म्यांच्या चेहऱ्यावर 'आता ही काय कडू पाजणार' असं लिहिलेलं. नर्सने ओळख करून दिली, "या आपल्या सालोंगोंच्या बायको."

"मी स्वयंपाकीण आहे," नालोंगोने मध्येच सांगितलं. "रेजिना नाक्कू. बावीस वर्षं न्येंडोला तळलं आणि आता वाफवते. दोन्ही मला येतं." मग तिने टोपलीतून केळीचं पान काढलं आणि पुढच्या बाकावरच्या सगळ्यांत जाड, सगळ्यांत रुसलेल्या माणसाला हाताने बोलावलं.

"या, सेबो. हे जाळावर धरा. जवळ नको, करपेल. हं, असं. आता रंग बघा कसा बदलतो."